सासूबाईंच्या ट्रंकेतल्या ३१ साड्या, ९ पाहुणे आणि एक कात्री

सुईत_दोरा
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय. प्रश्न शिवणाचा आहे असं वरवर दिसेल, पण आहे घरातल्या भांडणाचा.

आम्ही डोंबिवलीत राहतो. दोन बेडरूमचं घर. गणपती दिरांकडे असतात, गौरी आमच्याकडे. त्यामुळे आवाहन ते विसर्जन, तीन रात्री नऊ माणसं मुक्कामाला: साताऱ्याच्या आत्याबाई आणि त्यांची सून, दीर-जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं, नणंद, तिचे यजमान आणि लेक. शिवाय घरचे आम्ही चौघं. दरवर्षी आवाहनाच्या दुपारी मी शेजारच्या दोन घरांतून सतरंज्या आणि चादरी गोळा करत फिरते आणि दरवर्षी विसर्जनानंतर कुणाची कुठली यावरून गोंधळ घालते.

मागच्या आठवड्यात माळ्यावरची ट्रंक काढली. डांबरगोळ्यांच्या वासात ३१ साड्या निघाल्या. ११ नऊवारी, माझ्या आजेसासूबाईंच्या. २० सहावारी, सासूबाईंच्या. बहुतेक सगळ्या सुती, धुऊन धुऊन लोण्यासारख्या मऊ झालेल्या. सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर साडी नेसतच नाहीत. त्या म्हणाल्या, "काप सगळ्या आणि गोधड्या शिव. ट्रंकेत राहून काय व्हायचंय त्यांचं?" म्हणजे ज्यांच्या साड्या आहेत त्यांची हरकत शून्य.

हरकत आहे नवऱ्याची! ज्याने आयुष्यात एकदाही ती ट्रंक उघडली नाही, तो आता रोज येऊन बघतो की सगळ्या जागेवर आहेत ना. त्यातली एक जांभळी सहावारी "आई माझ्या मुंजीत नेसली होती", ती तर नाहीच नाही, आणि आजीच्या नऊवारींना कात्री लावायची म्हणजे "पाप".

गौरींना सव्वा महिना आहे. माझ्याकडे पायमशीन आहे, हात बरा चालतो, पण गोधडी कधी शिवलेली नाही. तर कापू का? कापली तर कशी शिवू?

निवांत_पाटील
धागा शिवणाचा आणि धाग्यावर धागा. कोटी करायची नाही असं ठरवून आलो होतो. झाली.

मंजिरी_०७
कापू नकोस गं. अनुभवाचे बोल.

माझ्या आईची एक इरकल होती, मोरपिशी, लाल काठ, पदरावर पांढऱ्या-लाल पट्ट्या. मी उत्साहाच्या भरात तिचे हॉलचे पडदे शिवले. पहिले सहा महिने येणारा प्रत्येक जण "अय्या, किती सुंदर!" म्हणायचा. आमच्या हॉलला पश्चिमेचं ऊन. वर्षभरात ज्या बाजूला ऊन यायचं तेवढा पट्टा फिका पडला आणि दुसऱ्या वर्षी धुताना तिथेच टर्रकन फाटली. पडद्याला शंभर पर्याय असतात. ती साडी आता माझ्याकडे फक्त दोन उशांच्या अभ्र्यांपुरती उरलीय.

सुईत_दोरा
मंजिरी, वाचून पोटात गोळा आला. पण तुझी साडी चांगल्या अवस्थेतली होती ना? या बऱ्याच विरलेल्या आहेत. नऊवारी तर काही ठिकाणी चाळणी झाल्यात.

रोखठोक
मला कळत नाही, एवढा विचार कशाला. ऑनलाइन हजार रुपयांत डबल बेडचा कम्फर्टर येतो. पाच मागवा, वॉशिंग मशीनमध्ये धुता येतात, विषय संपला. साड्या गरजूंना द्या. हाताने गोधडी शिवायला लागणारा वेळ मोजला तर ती जगातली सगळ्यात महाग चादर ठरेल.

पॉपकॉर्न_प्रेमी
(खुर्ची ओढून बसलो आहे.)

कृष्णाकाठ
रोखठोक, तुम्ही गोधडीत झोपला नाहीत हे लगेच कळतं. कम्फर्टर अंगावरून घसरतो. गोधडी अंगावर बसते. तिला वजन असतं. आमच्या वाईकडे लहानपणी पावसाळ्यात आजीची गोधडी घेतली की कूस बदलायलासुद्धा जोर लावावा लागायचा, आणि त्यामुळेच झोप लागायची.

आणि धुण्याचं म्हणाल तर नवरात्राच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर जायची. दसऱ्याची धुणी. बैलगाडीत गोधड्यांचा ढीग, वर आम्ही पोरं. ओली गोधडी उचलायला दोघी लागायच्या, एकीने इकडून पिळायची, दुसरीने तिकडून. मग सगळा घाट रंगीबेरंगी. वाळायला दिवस जायचा. आम्ही त्या तापलेल्या दगडांवर पसरलेल्या गोधड्यांवर लोळायचो आणि मार खायचो.

आता मूळ प्रश्नाकडे: सुईत_दोरा, काप. वापरलेलं कापड पुन्हा वापरात येणं यात पाप कसलं?

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या इकडं गोधडी नाई म्हनत, वाकय म्हन्तेत. शहरातल्या सुनेनं पहिल्यांदा ऐकलं तं तिले वाटलं सासू तिले वाकाय लावते. लगेच पाया पडली.

कृष्णाकाठ
हाहाहा! वाकळ आमच्याकडेही म्हणतात. माझ्या आजीच्या हिशोबात वाकळ म्हणजे जाडजूड, आत काहीबाही भरलेली, ठिगळांची. गोधडी त्यापेक्षा नेटकी.

अभ्यासू_कासव
अवांतर, पण नावांचा विषय निघालाच आहे म्हणून. दुपटं म्हणजे दोन पदरी. चौघडी म्हणजे चार घड्यांची. किती थर आहेत ते नावातच सांगितलेलं. सीमेपलीकडे बेळगाव-धारवाडकडे कौदी म्हणतात, बंगालात कांथा, बिहारमध्ये सुजनी. जुन्या सुती धोतरा-साड्यांचे थर आणि धावदोरा, मूळ कल्पना सगळीकडे तीच.

आणखी एक शब्द पासोडी, म्हणजे जाड सुती पांघरूण. अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांनी पंचीकरण हा ग्रंथ लिहिला तो कागदावर नाही, पासोडीवर. ती अजून जपून ठेवलेली आहे. तेव्हा पांघरुणाला कमी लेखू नये.

निवांत_पाटील
म्हणजे इतिहासातला पहिला लांबलचक धागा. हलके घ्या.

शिंपीदादा
उशिरा आलो. वडिलांचं इस्लामपुरात शिलाईचं दुकान होतं, मी आता नोकरी करतो पण हात गेलेला नाही. वरच्या सगळ्या चर्चेत एक साधी गोष्ट सुटली आहे. ताई, नऊवारी कापायची गरजच नाही.

हिशोब बघा. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. चार घड्या घाला. ८१ इंच येतात, म्हणजे पावणेसात फूट. पन्हा, म्हणजे रुंदी, ४५ ते ५० इंच. एका माणसाचं अंथरूण-पांघरूण तयार. कासवसाहेब म्हणाले ती चौघडी हीच. कात्री कुठेच लागत नाही.

घड्या इकडून तिकडे, तिकडून इकडे अशा घालायच्या, म्हणजे साडीची दोन्ही टोकं एकाच बाजूला येतात. पदर सगळ्यात वरच्या थरात ठेवा. दोन्ही टोकं आत दुमडून घ्या. लांबीच्या दोन्ही बाजूंना चारही काठ एकावर एक बसतात, तीच तुमची किनार. काठावरून सुई घालू नका, बोटं फुटतील. काठाच्या आतून घ्या.

मशीनवर शिवायचा मोह टाळा. वरचा थर पुढे सरकतो, खालचा मागे राहतो आणि मध्यावर पोचेपर्यंत चुण्यांचा डोंगर होतो. जमिनीवर अंथरा, हाताने सपाट करा, आधी हातभर अंतरावर कच्चे टाके घाला. मग कडेपासून धावदोरा सुरू करून चौकोनात चौकोन करत आत जायचं. मध्यावरून सुरुवात केली तर कडेला झोळ येतो असं वडील सांगायचे, मी करून पाहिलं, येतो.

सगळ्यात महत्त्वाचं: हाताचा धावदोरा उसवता येतो. उद्या यजमानांना आजीची साडी सबंध हवीशी वाटली तर दोरा ओढा, साडी परत मिळेल. कात्रीचं तसं नाही.

मंजिरी_०७
शिंपीदादा, तुम्ही माझ्या इरकलीच्या वेळी कुठे होतात?

रोखठोक
चांगला तोडगा आहे, मान्य. पण वेळेचा मुद्दा तसाच आहे.

शिंपीदादा
तोही हिशोब देतो. ८१ बाय ४५ ची चौघडी, दोन इंचांवर ओळी घेतल्या तर साधारण १५० फूट धावदोरा. पाऊण इंचावर घेतल्या तर ४०० फुटांच्या वर. मला तासाला दहा-बारा फूट जमतात. करा भागाकार. गावाकडे बायका बोटभर अंतराच्या दाट गोधड्या शिवतात आणि शहरातली माणसं पाचशे रुपयांना मागतात. जगातली सगळ्यात महाग चादर आहे हे तुम्ही बरोबर बोललात, फक्त तिचे पैसे कुणी देत नाही.

रोखठोक
+१. माझंच वाक्य माझ्याच अंगावर पांघरलंत.

ओहायोतली_ओटी
माझ्या आईने माझ्या बाळंतपणाला येताना दोन दुपटी, एक चौघडी आणल्या होत्या. तेवीस किलोच्या बॅगेत पाच किलो जुनं कापड! विमानतळावर वजन जास्त भरलं तेव्हा तिने मेतकूट, भाजणी आणि डिंकाचे लाडू काढून बाबांच्या हातात दिले, दुपटी नाही काढली. मी तेव्हा लाडवांसाठी हळहळले होते. इथे दुकानातलं मऊमऊ ब्लँकेट गुंडाळलं की मुलगी किंचाळायची, आजीच्या जुन्या वॉयलच्या दुपट्यात ठेवली की गप्प. घाम टिपणारं जुनं सुती कापड ते. बाळाला नवं कोरं कापड घालायचं नाही, आधी जुन्याचं झबलं, असं का म्हणत असतील ते तेव्हा कळलं. खळीचं नवं कापड बोचतं.

मुलगी आता अकरा वर्षांची आहे. दुपट्याची चिंधी झालीय. धुवायला मागितली तर हिशोब विचारते, परत कधी देणार.

पाहुणचार_पुरे
गोधडीचं ठीक आहे, पण नऊ पाहुणे तीन रात्री! माझा तर पाहुण्यांवरच धागा काढायचा विचार आहे. आमच्याकडे एक नातेवाईक येतात, त्यांना एसी १८ वर लागतो आणि मग रात्री दोन वाजता उठवून जास्तीचं पांघरूण मागतात.

कोकणकडा
आणि आमच्याकडचे एसी बंद करा म्हणतात, पंखा पाचवर आणि डोक्यापासून पायापर्यंत चादर. सकाळी उठल्यावर "डास फार आहेत हो तुमच्याकडे".

नंदिनी_नाशिक
पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चांगल्या चादरी हा प्रकार सगळ्यांकडे आहे का? आमच्याकडे दोन सोलापुरी चादरी आणि एक भरतकामाचा पलंगपोस असा "पाहुण्यांचा" गठ्ठा होता. पाहुणे आले की निघायचा, गेले की धुऊन वर. मला लहानपणी एकदा खूप ताप आला होता तेव्हा आईने त्यातली एक चादर मला दिली. मी घाबरून विचारलं, आई, मी मरणार आहे का?

पॉपकॉर्न_प्रेमी
नंदिनी, पॉपकॉर्न सांडले.

पणजीचो_पोर
आमच्या गोव्यात चवथीला मूळ घरी सगळा गोतावळा जमतो. नऊ पाहुणे म्हणजे आमच्याकडे अर्धी पंगत. झोपायचं म्हणाल तर हॉलमध्ये ओळीने चटया, ज्याला जी उशी मिळेल ती त्याची. आणि तुमचा सजावटीचा ताप आम्हाला नाही. गणपतीवर माटोळी बांधतो. लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगणं, रानातली फळं-पानं टांगायची. काही विकत आणायचं नाही, काही शिवायचं नाही.

नंदिनी_नाशिक
सजावटीवरून आठवलं. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आमच्याकडे गौरींचं मखर साड्यांचंच. सुईत_दोरा, त्या २० सहावारींतल्या धडक्या साड्या मागच्या पडद्याला वापर. मिऱ्या घालून दोरीवर सोडल्या की झालं. एक सूचना: टाचण्या आणि सेफ्टी पिना लावू नकोस. पाच दिवसांच्या दमट हवेत गंजतात आणि डाग जात नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे मागच्या बाजूने लाव.

कोकणकडा
आणि दिवे लांब ठेवा. आमच्याकडे एका वर्षी हॅलोजन मखराच्या अगदी जवळ होता. आरतीत "सुखकर्ता" चालू असताना मावशी ओरडली, "वास कसला येतोय?" शालूला वाटीएवढं भोक. तेव्हापासून फक्त एलईडीच्या माळा, आणि त्याही हातभर लांब.

मंजिरी_०७
धागा हायजॅक होतोय. सुईत_दोरा कुठे गेली?

सुईत_दोरा
इथेच आहे. धुवत होते.

अकराही नऊवारी काल साध्या पाण्यात भिजवल्या, खळ होती ती निघाली. दोन लाल काठांच्यांचा रंग सुटणार अशी भीती होती म्हणून वेगळ्या, मीठ घातलेल्या पाण्यात. एकीचा तरी सुटलाच, माझ्या बादलीभर पाण्याचं कोकम सरबत झालं. विरलेल्या सगळ्या एकाच जागी विरल्यात, काष्ट्याच्या. शिंपीदादा, तो भाग आतल्या थरात येईल अशी घडी बसते का?

नवऱ्याला ३२४ भागिले ४ चा हिशोब दाखवला. इंजिनीअर माणूस. मेजर टेप घेऊन स्वतः मोजायला बसला. एक साडी ३१८ इंच भरली तर म्हणतो, "बघ, नऊ वार नाहीच." मी म्हटलं, धुऊन आटली असेल. कापायचं नाही म्हटल्यावर आजीच्या साड्यांची परवानगी मिळाली. जांभळीवरचा मनाई हुकूम कायम आहे.

शिंपीदादा
काष्ट्याची जागा साधारण मध्यावर येते. चार घड्यांत मधले दोन थर आतच जातात, त्यामुळे ती आपोआप झाकली जाईल. फार चाळणी असेल तर तेवढ्यापुरता सहावारीचा तुकडा आत सरकवा. दोरा सुती घ्या, दुहेरी, थोडं मेण फिरवून. आणि बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई न टोचणारी टोपी, घाला. पहिल्या दिवशी कुणी घालत नाही, दुसऱ्या दिवशी सगळे घालतात.

आजोळ_मिरज
सगळं वाचलं. एक विचारू का? ११ नऊवारी तुमच्या आजेसासूबाईंच्या म्हणालात. साताऱ्याच्या आत्याबाई म्हणजे त्यांची लेक ना? तुम्ही सासूबाईंना विचारलंत, नवऱ्याला विचारलंत, आम्हा पन्नास अनोळखी लोकांनाही विचारलंत. ज्यांच्या आईच्या साड्या आहेत त्यांना विचारलंत का?

माझ्या आईच्या साड्या वहिनीने बोहारणीला दिल्या. वाईट मनाने नाही, घर बदलत होते, जागा नव्हती. मला कळलं तेव्हा साड्यांच्या जागी एक स्टीलचं पातेलं आणि दोन ताटल्या होत्या. आठ वर्षं झाली. मी त्या घरी जेवते, पण त्या ताटलीत वाढलं की घास फिरतो. म्हणून लिहिलं, राग नसावा.

मंजिरी_०७
बापरे.

कृष्णाकाठ
मी वर "काप" म्हणून मोकळा झालो होतो. शब्द मागे.

सुईत_दोरा
आजोळ_मिरज, राग कसला. मला खरंच सुचलं नव्हतं. "सासूबाईंच्या ट्रंकेतल्या" असं शीर्षक दिलं ना, तिथेच चूक आहे. आज रात्री फोन करते.

सुईत_दोरा
केला फोन. आधी दोन मिनिटं शांतता. मला वाटलं लाइन कट झाली. मग म्हणाल्या, "हिरवी चौकड्याची आहे का गं त्यात?" आहे म्हटलं. "ती शिवू नकोस. ती मी शिवीन. बाकीच्या तुझ्या हातच्या होऊ देत, पण दाट दोरा घाल, शहरातल्यासारखा लांब लांब नको." मग अर्धा तास आजेसासूबाईंबद्दल बोलत होत्या. माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली, यातलं काही मी ऐकलं नव्हतं. आजेसासूबाई उन्हाळ्याच्या सुट्टीत दर दुपारी ओसरीवर गोधडी पसरायच्या आणि आत्याबाईंचं काम सुया ओवून ठेवणं. पंधरा-वीस सुया एका रांगेत. डोळे आत्याबाईंचे, हात आईचे.

हिरवी बाजूला ठेवली आहे.

आजोळ_मिरज
बरं वाटलं.

निवांत_पाटील
मी या धाग्यावर आता विनोद करणार नाही. (उद्यापर्यंत.)

धडपडी_धनश्री
मी पण सुरू केली! आईकडे नऊवारी नाहीत, सहावारी आहेत. २१६ इंच भागिले ४ म्हणजे ५४, फारच आखूड. काय करू?

शिंपीदादा
सहावारीच्या तीन घड्या करा, ७२ इंच, सहा फूट, तीन थर. मुलांपुरती होते. मोठ्या माणसाचे पाय बाहेर राहतील. डबल बेडची हवी असेल तर मात्र कात्री आली: ९० इंचांचे दोन तुकडे, लांबीच्या बाजूने मशीनवर जोडायचे, साडेसात फुटी एक थर झाला. असे चार थर म्हणजे चार साड्या. आणि सिंथेटिक घेऊ नका. सुई घसरते, घाम टिपत नाही, रात्री अंगाला चटचट वीज लागते.

धडपडी_धनश्री
दादा, माझं पायमशीन सारखा दोरा तोडतं, तेवढं सांगा ना.

शिंपीदादा
सुई बदलली का? चाक उलटं तर फिरत नाही ना? नवीन माणसाचा पाय उलटा पडतो, चाक मागे जातं आणि खाली दोऱ्याचं घरटं तयार होतं. चाक आपल्याकडे फिरलं पाहिजे. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा सैल पडतो, तोही बघा. दोन थेंब तेल, मग चिंधीवर दहा मिनिटं रिकामं चालवा, नाहीतर पहिला तेलाचा डाग नव्या कपड्यावर. बाकीचं वेगळ्या धाग्यावर विचारा, इथे सुईत_दोरा रागावतील.

पाहुणचार_पुरे
सुईत_दोरा, गौरी झाल्या ना? बातमी काय? किती झाल्या?

नंदिनी_नाशिक
हो, आणि फोटो? फोटोशिवाय फाऊल.

सुईत_दोरा
आले, आले. घर आवरण्यात आठवडा गेला. गौरी जेवून उठून गेल्या, पाहुणे गेले, आज पहिल्यांदा बसलेय.

गौरींपर्यंत माझ्या तीन चौघड्या झाल्या. तीन! सव्वा महिन्यात. आधी बोटभर अंतराने सुरू केलं, चौथ्या रात्री दोन इंचांवर आले. उरलेल्या पाहुण्यांसाठी यंदाही शेजारून सतरंज्या आणल्या. त्यातली एक कुणाची ते अजून कळलेलं नाही.

मखर मात्र झकास झालं. सहावारींच्या मिऱ्या, चिमटे मागून, दिवे लांब. गौरींना खणाच्या चोळ्या मीच शिवल्या.

आत्याबाई आवाहनाच्या दुपारी आल्या. पाय धुतले, गौरींना हळदीकुंकू वाहिलं आणि पहिलं वाक्य, "आण बघू." मी तिन्ही चौघड्या पुढ्यात ठेवल्या. पहिलीवरून हात फिरवला, काही बोलल्या नाहीत. दुसरीवरून फिरवला. तिसरीला म्हणाल्या, "ही घाईत केलीस." बरोबर ओळखलं. ती पूजेच्या आदल्या आठवड्यातली.

रात्री जेवणं झाल्यावर हिरवी चौकड्याची काढली. हॉलमधलं टेबल भिंतीला लावलं, साडी पसरली, घड्या घातल्या. आत्याबाईंनी चष्मा लावला आणि माझ्या लेकीला आणि नंदेच्या लेकीला हाक मारली, "या गं, सुया ओवा." दोघी बारा-तेरा वर्षांच्या, फोन बाजूला ठेवून बसल्या. जाऊबाई कधी सुई हातात धरत नाहीत, त्याही एका कोपऱ्याला बसल्या आणि त्यांचा धावदोरा माझ्यापेक्षा सरळ आला. नंदेचे यजमान म्हणाले, मी काय करू? त्यांना कच्चे टाके उसवायला दिले. बारा वाजले, मग एक. शेजारचे वर बघायला आले, एवढ्या रात्री दिवे कसले चालू आहेत. पूजेच्या दिवशी १६ भाज्या, पुरणपोळ्या, सवाष्णी, कुणाला श्वास घ्यायला वेळ नव्हता, तरी दुपारी आत्याबाई दोन ओळी घालून आल्या. विसर्जनाच्या सकाळी मधला चौकोन मिटला. ती साताऱ्याला गेली. बाकीच्या सातपैकी दोन नऊवारीही त्या घेऊन गेल्या, पुढच्या वर्षी शिवून आणते म्हणाल्या.

रोखठोक, यात किती तास गेले ते मोजले नाहीत.

रोखठोक
मी विचारलंच नाही.

मंजिरी_०७
आणि ती जांभळी? मुंजीची?

सुईत_दोरा
अगं हो, तेच सांगायचं राहिलं.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी सगळे पसरले होते. नवऱ्याने भर सभेत ती जांभळी आणली आणि आत्याबाईंना दाखवली, "आत्या, ही बघ, माझ्या मुंजीतली. ही तरी मी कापू दिली नाही." आत्याबाईंनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ही कुठली मुंजीतली? ही शेजारच्या वहिनींनी दिलेली, त्यांच्या वास्तुशांतीची. मुंजीतली मोरपिशी होती. ती मी केव्हाच बोहारणीला दिली."

नवऱ्याचा चेहरा मी वर्णन करू शकत नाही.

"मोरपिशी दिलीस? कशावर?"

"तो गव्हाच्या पिठाचा डबा आहे ना ओट्याखाली, झाकणाला पोचा आलेला? तीच तुझी मुंज."

पॉपकॉर्न_प्रेमी
खुर्चीवरून पडलो.

आजोळ_मिरज
आठ वर्षांत पहिल्यांदा बोहारणीच्या भांड्यावर हसले. वहिनीला हा धागा पाठवतेय.

सुईत_दोरा
नवऱ्याने काल डबा घासून, पीठ दुसरीकडे काढून हॉलमधल्या शोकेसमध्ये ठेवला आहे. मला पिठाला डबा नाही. जांभळीची गोधडी करायला आता परवानगी मिळाली आहे.

नंदिनी_नाशिक
डब्याचा फोटो टाक.

निवांत_पाटील
आणि त्याला कात्री लावू नका.